पॅप-ए कमी आला, आता पुढे काय?

वाचकाचे पत्र

"मी ३१ वर्षांची असून नागपूरच्या मानेवाडा भागात राहते आणि एका शाळेत शिकवते. हे माझे पहिलेच गर्भारपण आहे. तेरावा आठवडा संपता संपता एनटीची (बाळाच्या मानेमागील जाडी मोजणारी) सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी झाली. डाऊन सिंड्रोमचा धोका 'लो रिस्क' आला, परंतु रक्तातील पॅप-ए हे प्रथिन ०.३४ एमओएम, म्हणजे मध्यम पातळीच्या ०.३४ पट आहे आणि दुसऱ्या पानावर '३७ आठवड्यांपूर्वी प्रीएक्लॅम्पसिया १:६२, हाय रिस्क' असे लाल अक्षरांत छापले आहे. डॉक्टरांनी रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन लिहून दिले आहे. नणंदबाई म्हणतात की या गोळीने रक्त पातळ होऊन गर्भ पडतो, म्हणून आठ दिवस झाले तरी मी पाकीट उघडलेले नाही. माझे पती म्हणतात, पहिल्या पानावर लो रिस्क आहे ना, मग विषय संपला. माझ्या चुलत बहिणीचे बाळ आठव्या महिन्यात बीपी वाढून गेले, त्यामुळे मला रात्र रात्र झोप लागत नाही. हिमोग्लोबिन ९.८ आहे, त्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. बाळात दोष आहे का? मार्कर पुन्हा तपासावा का? एका लॅबने गर्भारपणाच्या सर्व मार्करचे पॅकेज दर महिन्याला करण्यास सुचवले आहे, ते घ्यावे का? आणि सातव्या महिन्यात आई-बाबा मला माहेरी, वर्धा जिल्ह्यातील आर्वीला नेणार आहेत. बाळंतपण तिथे करणे योग्य ठरेल का?"

उत्तर

तुमच्या प्रश्नांपैकी गोळीच्या प्रश्नाला वेळेचे बंधन आहे, म्हणून पत्रातला क्रम सोडून आधी तिच्याविषयी लिहिते. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गर्भारपणात बीपी वाढून बहुधा लघवीतून प्रथिन जाऊ लागण्याचा विकार, टाळण्यासाठी अ‍ॅस्पिरिनचा पुरेसा उपयोग व्हायचा असेल तर ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेली असावी लागते, आणि तुमचा पंधरावा चालू आहे. तुम्हाला अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, जठरात अल्सर नसेल, रक्तस्रावाचा कोणताही आजार नसेल आणि वेदनाशामक गोळ्यांनी उसळणारा दमा नसेल, तर आज रात्रीच्या जेवणानंतर पहिली गोळी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यांपैकी काही असेल आणि तपासणीच्या गडबडीत ते सांगायचे राहून गेले असेल, तर सकाळी आपल्या डॉक्टरांना फोन करून तेवढे सांगावे आणि त्या म्हणतील तसे करावे.

नणंदबाईंची भीती कुठून आली हे समजण्यासारखे आहे. हृदयविकाराच्या रुग्णांची 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणून अ‍ॅस्पिरिन घरोघरी ओळखीची आहे, आणि गर्भारपणात अंगावरून रक्त गेले की गर्भ गेला, ही धास्ती आपल्याकडच्या बायकांच्या मनात खोलवर बसलेली असते. मात्र या अल्प मात्रेने गर्भपात होतो किंवा बाळात व्यंग येते, असे आढळलेले नाही. २०१७ साली 'अ‍ॅस्प्रे' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुमच्यासारख्याच, म्हणजे पहिल्या तिमाहीच्या तपासणीत १:१०० पेक्षा अधिक धोका निघालेल्या सतराशेहून अधिक स्त्रिया तीत सहभागी होत्या. त्यांच्यापैकी काहींना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली गेली. औषधविरहित गटात ३७ आठवड्यांपूर्वीचा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्के स्त्रियांना झाला, तर अ‍ॅस्पिरिनच्या गटात १.६ टक्के स्त्रियांना. पूर्ण दिवस भरल्यानंतर उद्भवणारा प्रकार मात्र या गोळीने कमी झाला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण गोळी चालू आहे म्हणजे आता बीपी मोजायला नको, असा सोयीचा अर्थ घरात कोणीतरी काढतेच. ज्या स्त्रियांनी गोळी वरचेवर चुकवली त्यांना लाभही कमी मिळाला, तेव्हा गेलेले आठ दिवस सोडून द्या आणि पुढे खंड पडू देऊ नका.

आता पॅप-एविषयी. हे प्रथिन बाळाच्या शरीरात तयार होत नाही. वारेच्या पेशी ते तयार करतात आणि ते आईच्या रक्तात उतरते. वाढीला चालना देणारे काही घटक शरीरात दुसऱ्या प्रथिनांनी बांधून ठेवलेले असतात. त्यांना मोकळे करणे हे पॅप-एचे काम. त्यामुळे त्याचे प्रमाण कमी असणे ही मुख्यतः वार कशी रुजते आहे याची खूण असते. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या भागात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतील नागमोडी रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्या अरुंद नळ्यांना रुंद, सैल करून ठेवतात, जेणेकरून पुढे बाळ मोठे होत जाईल तसा रक्ताचा पुरवठा कमी पडू नये. हे रुंदावणे अर्धवट राहिले तर वारेला रक्त कमी मिळते, आणि मग काही महिन्यांनी दोनपैकी एक किंवा दोन्ही गोष्टी दिसू शकतात: बाळाची वाढ खुंटणे, आणि आईचे बीपी वाढून लघवीतून प्रथिन जाऊ लागणे. वेळेच्या आधी प्रसूती होण्याचे प्रमाणही पॅप-ए कमी असलेल्या स्त्रियांत काहीसे अधिक आढळते. रक्तवाहिन्या रुंदावण्याचे हे काम साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत चालते, म्हणूनच गोळी लवकर सुरू करण्याचा इतका आग्रह धरला जातो.

डाऊन सिंड्रोमच्या गर्भारपणातही पॅप-ए कमी येतो, आणि तुमच्या मनातील 'दोष' हा शब्द बहुधा तिथूनच आला असावा. पण तो विचार लॅबने आधीच केलेला आहे. तुमचे वय, बाळाच्या मानेमागील एनटीची जाडी, फ्री बीटा एचसीजी हे वारेचे संप्रेरक आणि हाच कमी पॅप-ए या चौघांना एकत्र धरूनच पहिल्या पानावरील 'लो रिस्क' निघाला आहे. तोच आकडा पुन्हा वेगळा धरून धोका वाढवता येत नाही. अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या अवयवांची तपशीलवार सोनोग्राफी सर्वांचीच होते, तशी तुमचीही व्हावी. केवळ पॅप-एच्या आकड्यावरून पोटातून गर्भजल, म्हणजे बाळाभोवतीचे पाणी, काढून तपासण्याचे कारण मला दिसत नाही.

तुमच्या पतींनी पहिले पान वाचून विषय संपवला, तर तुम्ही दुसरे पान वाचून झोप घालवली. दोन्ही पाने दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. १:६२ याचा अर्थ असा की तुमच्यासारखे वय, वजन, बीपी, गर्भाशयाच्या धमन्यांतील रक्तप्रवाह आणि पॅप-ए असलेल्या बासष्ट स्त्रिया एकत्र केल्या, तर त्यांच्यापैकी एकीला ३७ आठवड्यांपूर्वी हा विकार होईल आणि एकसष्ट जणींना होणार नाही. 'हाय रिस्क' ही लाल अक्षरे १:१०० ची रेघ ओलांडली म्हणून छापली गेली. ही रेघ गोळी कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी आखलेली आहे. चुलत बहिणीच्या दुःखाबद्दल मला मनापासून वाईट वाटते, परंतु प्रीएक्लॅम्पसियाचा कौटुंबिक इतिहास विचारताना आम्ही आई आणि सख्ख्या बहिणींबद्दल विचारतो. चुलत बहिणीला तो झाला म्हणून तुमचा धोका मोजण्यासारखा वाढत नाही. तुमच्या आईला तुमच्या वेळी बीपीचा त्रास झाला होता का, हे मात्र त्यांना विचारून डॉक्टरांना सांगा.

मार्कर पुन्हा करू नये. त्याऐवजी रिपोर्ट हातात घेऊन तीन गोष्टी पाहा. पहिली, नमुना घेतल्याची तारीख आणि त्या दिवशीचे गर्भाचे वय: पॅप-ए पहिल्या तिमाहीत झपाट्याने वाढत असतो, त्यामुळे वय पाळीच्या तारखेवरून धरले आहे की सोनोग्राफीत मोजलेल्या बाळाच्या लांबीवरून, याने एमओएम बदलतो, आणि सोनोग्राफीचे वयच धरलेले असावे. दुसरी, तुमचे वजन: एमओएम म्हणजे त्या आठवड्यातील स्त्रियांच्या मध्यम पातळीच्या किती पट तुमची पातळी आहे हे सांगणारा आकडा, आणि त्यात वजनाची दुरुस्ती केलेली असते, फॉर्मवर ६१ ऐवजी ८१ लिहिले गेले तर दुरुस्तीच चुकीची होते. तिसरी, जुळे नाही आणि गर्भधारणा आयव्हीएफने झालेली नाही याची नोंद. या तिन्ही गोष्टी बरोबर असतील तर ०.३४ हा आकडा खरा मानून पुढे चालावे. साधारणपणे ०.४ च्या खालच्या पॅप-एची दखल घेऊन बाळाच्या वाढीवर जादा लक्ष ठेवले जाते. त्यासाठी अठ्ठाविसाव्या, बत्तिसाव्या आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास डॉप्लरसह (रक्तप्रवाहाच्या मोजणीसह) सोनोग्राफी ठरवून घ्यावी. पॅप-ए कमी असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळे व्यवस्थित वजनाची जन्मतात, हेही रिपोर्टच्या त्याच दुसऱ्या पानावर छापायला हवे होते.

पॅकेजबद्दल माझे मत कडक आहे. कोणत्याही तपासणीआधी एकच प्रश्न विचारावा: आकडा वाईट आला तर आपण आज करतो आहोत त्याहून वेगळे काय करणार? उत्तर 'काही नाही' असेल तर ती तपासणी चिंतेखेरीज काही देत नाही. पीएलजीएफ आणि एसएफएलटी-१ ही प्रथिने या बाबतीत महत्त्वाची आहेत, यात वाद नाही. अडचणीत सापडलेली वार एसएफएलटी-१ अधिक प्रमाणात सोडते, ते रक्तवाहिन्या निरोगी ठेवणाऱ्या पीएलजीएफला बांधून निष्प्रभ करते आणि आईच्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, ही साखळी तेव्हा बोस्टनमध्ये संशोधन करणारे भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची यांच्या गटाने २००३ मध्ये उलगडून दाखवली. त्यानंतर या दोहोंचे गुणोत्तर (एसएफएलटी-१ भागिले पीएलजीएफ) रुग्णालयांत वापरात आले. विसाव्या आठवड्यानंतर बीपी सीमेवर आले, डोके दुखू लागले, पण विकार आहे की नाही हे ठरत नाही, अशा वेळी ते गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या आठवडाभरात प्रीएक्लॅम्पसिया होण्याची शक्यता अत्यल्प आहे, असे बऱ्याच खात्रीने सांगता येते. त्याहून अधिक आले म्हणून विकार झालाच असे मात्र म्हणता येत नाही. फक्त लक्ष अधिक जवळून ठेवावे लागते. म्हणजे ही तपासणी संशय आल्यावर करायची आहे. कोणतीही तक्रार नसताना दर महिन्याला ती करून घेणे म्हणजे पैसे भरून काळजी विकत घेणे होय. वेळेआधीच्या कळांचे भाकीत करणारा, विश्वासाने वापरता येईल असा रक्तातील मार्कर तर अजून हाती आलेला नाही. हरियाणातील गुरुग्रामच्या सिव्हिल रुग्णालयात 'गर्भिणी' या नावाने २०१५ पासून हजारो गर्भवतींचे नमुने घेऊन त्याचाच शोध चालू आहे. तोपर्यंत अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मोजून घेणे हीच उपयोगाची गोष्ट आहे. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर प्रोजेस्टेरॉनचा उपाय करता येतो.

पॅकेजच्या छापील रिपोर्टचा आणखी एक उपद्रव असतो. त्यातील 'नॉर्मल' मर्यादा बहुतेक वेळा गर्भवती नसलेल्या माणसांच्या असतात. गर्भारपणात पांढऱ्या पेशी वाढतात आणि प्रसूतीच्या कळांत तर त्या पंचवीस हजारांच्या आसपास जाऊ शकतात. अल्कलाइन फॉस्फेटेज हे यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे विकर वारेतूनही येत असल्यामुळे दुप्पट किंवा त्याहून अधिक दिसते. रक्ताच्या गुठळीचा मागोवा घेणारे डी-डायमर वाढते, सूज-दाह दाखवणारा ईएसआर वाढतो. हे सगळे आकडे ठळक अक्षरांत छापले जातात आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. याच्या उलट प्रकार मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा. ते गर्भारपणात उतरते, त्यामुळे ०.९ हा आकडा रिपोर्टवर अगदी साधा दिसला तरी डॉक्टरांना तो थांबून पाहावा लागतो. रिपोर्ट घरी वाचू नका असे मी म्हणणार नाही, कारण कोणी ऐकत नाही. पण ठळक अक्षरांवरून निष्कर्ष काढू नका.

तुमच्या पत्रातील ज्या आकड्याने मला सर्वांत अधिक थांबवले तो मात्र एका ओळीत येऊन गेला: हिमोग्लोबिन ९.८. गर्भारपणात ११ च्या खाली रक्तक्षय मानतात आणि १० च्या खाली तो मध्यम गटात जातो. पॅप-ए कमी असलेल्या तुमच्यासारख्या स्त्रीला पुढे काही होईलच असे नाही, पण प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव झाला तर ९.८ च्या स्त्रीला तो १२ च्या स्त्रीपेक्षा अधिक जड जातो, याबद्दल कोणताही वाद नाही. आणि विदर्भात हा आकडा पाहिल्यावर दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो, तो सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा. आपल्या भागात हा आजार नवा नाही. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी यांनी नागपुरातून मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले होते, आणि तेव्हापासून विदर्भातील आदिवासी आणि इतर अनेक समाजांत त्याचे प्रमाण मोठे असल्याचे वारंवार दिसून आले आहे. तरीही डबल मार्करची फाइल जाडजूड आणि सिकलसेलचा कागद नाही, अशा गर्भवती मला शहरातही भेटतात. तुमच्या पत्रात त्या तपासणीचा उल्लेख नाही, म्हणून ती झाली नसावी असे धरून लिहिते.

येत्या दोन-तीन दिवसांत एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या. शिबिरात होणारी साधी सोल्युबिलिटी चाचणी वाहक (आजाराचा एकच जनुक असलेली व्यक्ती) आणि रुग्ण यांच्यातील फरक सांगत नाही. एचपीएलसी तो सांगते आणि थॅलेसेमियाचा वाहकही त्याच तपासणीत कळतो. तुम्ही वाहक म्हणजे 'एएस' निघालात, तर पतींचीही तपासणी लगेच व्हायला हवी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला 'एसएस' म्हणजे पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक असते. गर्भजलाची तपासणी करून ते कळू शकते, पण त्यासाठी हातात आठवडे फार नसतात, म्हणूनच मी दिवसांची भाषा करते आहे. तुम्ही केवळ वाहक असाल आणि पती सिकलसेलचे किंवा थॅलेसेमियाचे वाहक नसतील, तर बाळाला हा आजार होणार नाही. तुमच्यासाठी मात्र लघवीतील संसर्गाची तपासणी वेळोवेळी करणे एवढी जादा दक्षता लागेल. ही तपासणी नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांतही होते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. खासगी डॉक्टरांकडे नाव नोंदवलेल्या स्त्रियांनाही तिथे जाता येते, हे अनेकींना ठाऊक नसते.

एचपीएलसी नॉर्मल असेल आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा आकडा, कमी असेल, तर कारण लोहाची कमतरता, आणि तिचा उपाय आपल्या हातात आहे. लोहाची गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोहोंत किमान दोन तास ठेवा, आणि चहाला तिच्या आसपास फिरकू देऊ नका. शाळेच्या मधल्या सुट्टीत चहाबरोबर गोळी घेणाऱ्या शिक्षिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांचे हिमोग्लोबिन महिनोन्‌महिने हलत नाही. सध्या आंबिया बहाराची संत्री बाजारात आहेत, गोळीबरोबर एक संत्रे खाल्ले तर लोह अधिक चांगले शोषले जाते. महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा पाहावे, आणि ते वर सरकले नसेल तर शिरेतून लोह देण्याचा विचार डॉक्टर करतील. साखरेची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पहिल्या भेटीत झाली असेलच. ती चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा करायची असते, आणि दोन तासांनंतरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक आला तर पुढचा मार्ग ठरलेला आहे.

पॅकेजच्या पैशांत बीपीचे एक डिजिटल यंत्र घ्या, मनगटावरचे नव्हे, दंडावर पट्टा बांधायचे. माझ्या मते तुमच्या परिस्थितीत याहून मोलाचा मार्कर नाही. सकाळी उठून प्रातर्विधी झाल्यावर, चहाच्या आधी, पाठीला टेकू देऊन पाच मिनिटे गप्प बसावे. पाय जमिनीवर टेकलेले, एकावर एक टाकलेले नसावेत. दंड हृदयाच्या उंचीवर यावा म्हणून हाताखाली उशी घ्यावी. पट्टा साडीच्या ब्लाउजच्या बाहीवरून बांधू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. विसाव्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून दोनदा पुरे, त्यानंतर दिवसाआड, आणि अठ्ठाविसाव्यानंतर रोज. १४०/९० किंवा त्याहून अधिक आले तर चार तासांनी पुन्हा मोजावे आणि तसेच राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. १६०/११० आले तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी, आणि गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करावा. आकडा कसाही असो, थांबता न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा अंधुक दिसणे, बरगड्यांखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहरा आणि हात एकाएकी सुजणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी तपासणी हवी. नुसती पावलांची सूज दिवसभर उभ्याने शिकवणाऱ्या स्त्रीला येतेच, तिने घाबरू नये. मीठ तोडण्याचीही गरज नाही. त्याने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही आणि जेवण तेवढे नकोसे होते. सावजी रस्सा मी बंद करा म्हणणार नाही, पित्त सहन होत असेल तर अधूनमधून चालेल.

आता माहेरचा प्रश्न. तुमची प्रसूतीची तारीख मे महिन्याच्या पूर्वार्धात येते, आणि सातव्या महिन्यात जायचे म्हणजे फेब्रुवारीत निघायचे. वेळेआधीचा प्रीएक्लॅम्पसिया किंवा वाढीचा अडसर दिसायचाच असेल तर तो बहुधा अठ्ठावीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दिसेल, आणि नेमक्या त्याच काळात तुम्ही एका डॉक्टरांकडून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याच्या मार्गावर असाल. जुनी मापे नागपूरच्या सोनोग्राफीत, नवी आर्वीच्या, आणि बाळ वाढते आहे की थांबले आहे हे तर दोन मापांची तुलना करूनच कळते. आई-बाबांच्या गावी तालुक्याचे रुग्णालय आहे, पण तुमच्यासाठी रात्री-अपरात्री सिझर होईल, रक्त मिळेल आणि कमी दिवसांच्या बाळासाठी नवजात अतिदक्षता कक्ष असेल, अशी जागा हवी. वर्धा जिल्ह्यात तशी सोय सेवाग्रामला आणि सावंगीला आहे, परंतु आर्वीहून तिथवर जाण्यातही वेळ मोडतो.

म्हणून माझा सल्ला असा की नाव मानेवाड्याजवळच्या आपल्या डॉक्टरांकडेच राहू द्यावे आणि आईला मार्चपासून नागपुरात बोलवावे. डोहाळजेवणासाठी आर्वीला चार दिवस जाऊन येण्यास काहीच हरकत नाही. प्रवासाने या विकाराचा धोका वाढत नाही, फक्त बीपीचे यंत्र आणि गोळ्या बरोबर न्याव्यात. बाळंतपणानंतर माहेरी जायचे असेल तर पहिले दहा दिवस नागपुरात काढावेत, कारण प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यातही बीपी वाढू शकते आणि तेव्हा सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाची वाढ आणि डॉप्लर दोन्ही चांगले निघाले, वहीतील बीपी सरळ राहिले आणि हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले, तर माहेरच्या बाळंतपणाचा विषय डॉक्टरांशी पुन्हा काढता येईल. तेव्हा त्यांनी हो म्हटले तर सर्व सोनोग्राफींचे मूळ रिपोर्ट, रक्तगट, एचपीएलसीचा कागद आणि माता व बाल संरक्षण कार्ड घेऊन सेवाग्रामला किंवा सावंगीला आधीच एकदा दाखवून नाव नोंदवावे, आणि अ‍ॅस्पिरिन छत्तिसाव्या आठवड्यात बंद करायची आहे, हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.